घराभोवतीच्या जुन्या झाडांची निगा

जुन्या घराच्या आवारात एखादे तरी मोठे झाड असावयाचेच. कोकणात ते रायवळ आंब्याचे किंवा फणसाचे असते. देशावर चिंचेचे, कडुलिंबाचे अगर जांभळाचे असते. शहराच्या कडेची जी गावे आज वस्तीने वेढली गेली आहेत, तेथील जुन्या घरांभोवती पूर्वीच्या आमराईतील चारदोन झाडे अद्यापही उभी असलेली दिसतात. शेते गेली, विहिरी बुजल्या, पण झाडे राहिली. अशा झाडांचे वय साठ, ऐंशी, क्वचित शंभर वर्षांचेही असते. ज्याने ती लावली तो घरातील कोणाच्या आठवणीतही नसतो.

या झाडांसंबंधी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस नेहमी दोन प्रश्न विचारले जातात. "झाड शेंड्याकडून वाळू लागले आहे, कोणते औषध घालावे?" हा पहिला; आणि "झाड घरावर पडेल काय? तोडून टाकावे काय?" हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा झाडाच्या शेंड्याकडे नव्हे, तर त्याच्या बुंध्याशी शोधावी लागतात. जुनी झाडे वयाने मरतात त्याहून अधिक ती माणसाच्या हातून मरतात, आणि तीही बहुधा चांगल्या हेतूने केलेल्या कामांमुळे मरतात. म्हणून जुन्या झाडाची निगा राखणे म्हणजे प्रथम त्याचा उपद्रव टाळणे होय.

जुने झाड कसे जगते

मोठ्या झाडाच्या खोडाचा फारच थोडा भाग जिवंत असतो. सालीच्या लगेच आत वाढीचा एक पातळ थर असतो. या थरापासून बाहेरच्या बाजूस नवी साल व आतल्या बाजूस नवे लाकूड तयार होते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे उतरते, आणि मुळांनी शोषलेले पाणी बाहेरच्या कोवळ्या लाकडातून पानांकडे चढते. अगदी मध्यावरचा गाभा मृत असतो. तो केवळ आधार देतो. यामुळेच गाभा पोखरून ढोली पडलेली चिंच वर्षानुवर्षे हिरवीगार राहू शकते. उलट, बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या झाडाची साल सभोवार चार बोटे रुंदीची खरवडून काढली, तर मुळांची उपासमार होऊन ते कालांतराने वाळून जाते.

मुळांविषयीही एक गैरसमज रूढ आहे. झाड जितके उंच तितकी त्याची मुळे खोल, असे समजले जाते. वस्तुतः पाणी व अन्नद्रव्ये शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर थरातच असतात. ती पानांच्या सावलीच्या कडेपर्यंत, आणि पुष्कळदा त्याही पलीकडे, दूरवर पसरलेली असतात. या मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधील पोकळीतून त्यांना ती मिळते. ही पोकळी बुजली की मुळे गुदमरतात.

मुळांवर होणारे आघात

पुष्कळ ठिकाणी घडते ते असे. जुन्या घराची दुरुस्ती निघते. पावसाचे पाणी अंगणात साचू नये म्हणून दीड-दोन फूट मुरमाची भर घातली जाते. त्यावर फरशी किंवा काँक्रीट येते. झाडाला शोभा यावी म्हणून खोडाला भिडवून गोल पार बांधतात आणि आत माती भरतात. पहिल्या वर्षी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पालवी तोकडी येते व मोहोर विरळ होतो. पुढे शेंड्याच्या फांद्या वाळू लागतात. तोपर्यंत घरबांधणीचा विसर पडलेला असतो. मग औषधे फवारली जातात, खते घातली जातात आणि अखेरीस "झाड म्हातारे झाले" असा निर्वाळा दिला जातो. प्रत्यक्षात झाड त्या मुरमाखाली गुदमरलेले असते.

अशा झाडाची परीक्षा सोपी आहे. निरोगी झाडाचे खोड जमिनीशी येताना घंटेच्या तोंडाप्रमाणे रुंदावते व तेथून जाड मुळे फाकलेली दिसतात. खोड जर खांबासारखे सरळ जमिनीत शिरलेले दिसले, तर त्याच्या बुंध्यावर भर पडली आहे असे समजावे. ही भर हाताने किंवा खुरप्याने, मुळांना इजा न करता, हळूहळू दूर करावी. कुदळ किंवा यंत्र वापरू नये. खोडाला चिकटून माती राहिल्यास तेथील साल सतत ओली राहून कुजते, म्हणून निदान हातभर जागा तरी मोकळी करावी.

नळ, गटार किंवा कुंपणाचा पाया यांसाठी खणलेला चर हा दुसरा आघात होय. खोडाजवळून गेलेला एकच चर एका बाजूची बहुतेक मुळे तोडून टाकतो. त्यामुळे झाडाचे पाणी तुटतेच, शिवाय त्या बाजूचा आधारही जातो. पुढच्या पावसाळ्यात माती भिजून सैल झाली आणि वारा सुटला, की असे झाड उन्मळून पडते.

राखीव वर्तुळ कसे आखावे

झाडाभोवती किती जागा अबाधित ठेवावी, याचा एक सोपा हिशेब आहे. जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर सुतळीने खोडाचा घेर मोजावा. त्या घेराच्या चौपट लांबीचा दोर घेऊन खोडाभोवती वर्तुळ आखावे. उदाहरणार्थ, घेर १८० सेंटिमीटर असल्यास वर्तुळाची त्रिज्या सुमारे सात मीटर येईल. या वर्तुळात भर घालू नये, खणू नये, वाळू-खडीचे ढीग करू नयेत, गाडी किंवा ट्रॅक्टर उभा करू नये. लहान आवारात एवढी जागा सोडणे नेहमीच शक्य होत नाही. अशा वेळी शक्य तितकी जागा सोडावी, फरशीऐवजी फटी असलेले दगड मातीवरच मांडावेत, आणि चर टाळता येत नसेल तर तो झाडाच्या एकाच बाजूने व शक्य तितक्या दुरून न्यावा. मनगटाएवढी जाड मुळे आढळल्यास ती न तोडता नळ त्यांच्याखालून काढावा.

याशिवाय काही लहानसहान सवयीही झाडास बाधतात. कपडे वाळत घालण्यासाठी खोडाभोवती आवळलेली तार साल वाढताना आत रुतते आणि अन्नाचा मार्ग अडवते. बुंध्याशी पाला व कचरा जाळल्याने साल भाजते. ही इजा त्या वेळी दिसत नाही, पुढे साल सुटून पडते तेव्हा ध्यानात येते. झाडाखाली पडलेला पाला जाळण्याऐवजी तेथेच चार बोटे जाडीच्या थराने पसरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. या आच्छादनाने ओल टिकते, आणि पाला कुजून जमीन भुसभुशीत होते.

फांदी कशी कापावी

राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटण्याची सवय असलेला गडी पुष्कळदा आंब्यालाही तसाच कोयता लावतो. ऐनास लहानपणापासून ती छाटणी सोसण्याची सवय झालेली असते. ऐंशी वर्षांच्या आंब्याला किंवा चिंचेला अशी खांडणी सोसत नाही. पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर होय. ते एकाएकी नाहीसे झाले, की साठवलेल्या अन्नावर झाड काही काळ तग धरते आणि घाईने धुमारे फोडते. हे धुमारे वरवर चिकटलेले असतात. जाड झाल्यावर तेच वाऱ्याने मोडतात. वर, सावलीत वाढलेली साल उघडी पडून उन्हाने करपते ती निराळीच.

म्हणून एका वर्षात हिरव्या पालवीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग कधीही काढू नये. फार जुन्या झाडाचा दहावा हिस्सा काढला तरी पुरे. प्रथम वाळलेल्या, मोडलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागते. जुन्या आमरायांचे उत्पन्न वाढावे म्हणून जी जोरदार छाटणी करतात, तिचा उद्देश वेगळा आहे. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व पुढील दोन-तीन वर्षांच्या निगेची तयारी ठेवूनच करावयाची असते.

जड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने, पाव जाडीपर्यंत घ्यावा. दुसरा काप त्याच्या किंचित बाहेर, वरून घ्यावा. म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढावा. फांदी जेथे खोडास मिळते तेथे सुरकुतलेला फुगवटा असतो. हा फुगवटा झाडाचा भाग आहे, फांदीचा नव्हे. तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर करवत चालवावी. फुगवटाही कापून खोडाशी सपाट केलेली जखम मोठी होते व उशिरा भरते. उलट वीतभर खुंट ठेवला तर तो कुजून बुरशीला आत शिरण्याची वाट मिळते.

जखमा व ढोल्या

अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला व १९७७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. माणसाच्या जखमेप्रमाणे झाडाची जखम बरी होत नाही. झाड जखमी भागाभोवती आतून जणू भिंत उभारते व कूज तेथेच कोंडून ठेवते, आणि बाहेरून नव्या लाकडाने ती जागा झाकून घेते, असे त्यांनी दाखवून दिले. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, जखम जितकी लहान तितके झाडाचे काम सोपे. दुसरी, ढोली साफ करण्याच्या हेतूने आतील लाकूड पक्के लागेपर्यंत खरवडल्यास झाडाने उभारलेली भिंतच फुटते व कूज पुढे सरकते.

ढोलीत विटा-सिमेंट भरण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. ती आता सोडून देण्यात आली आहे. वाऱ्याने झाड हलते पण सिमेंट हलत नाही; दोहोंमध्ये फट पडून पाणी आत मुरते. ढोलीतील सुटा भुगा व कचरा हाताने काढावा आणि बाकी ती तशीच राहू द्यावी. पिंगळे व पोपट अशा ढोल्यांत घरटी करतात, त्यापासून झाडास अपाय नसतो.

कापलेल्या जागी डांबर किंवा शेण-माती फासण्याने कूज थांबत नाही. दमट हवेच्या प्रदेशात आंब्याच्या मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावण्याचा प्रघात आहे. पाच लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व दुसऱ्या पाच लिटर पाण्यात १ किलो कळीचा चुना वेगवेगळा विरघळवून, गाळून, मग दोन्ही एकत्र करावीत. भांडी मातीची अगर प्लॅस्टिकची असावीत, लोखंडाची नसावीत. मिश्रणात चाकूचे पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुना घालावा. या मलमाने वरवरची बुरशी रोखली जाते. जखम त्यामुळे लवकर भरते असे मात्र नव्हे.

भिरूड, बांडगूळ व अळंबी

आंब्याच्या खोडावर भोक दिसून त्यातून भुसा बाहेर येत असेल, तर आत भिरूड आहे असे समजावे. ही एका भुंग्याची अळी असते व ती लाकूड पोखरीत जाते. टोकाशी वाकवलेल्या तारेने अळी बाहेर ओढून मारावी, कृषी विभागाने शिफारस केलेले कीटकनाशक भोकात सोडावे आणि भोक चिखलाने लिंपावे. भिरूड दुबळ्या झाडाला अधिक लागते, म्हणून झाड दुबळे का झाले याचाही शोध घ्यावा.

बांडगूळ हे फांदीवर वाढणारे परजीवी झुडूप होय. पक्षी त्याची फळे खाऊन चिकट बिया इतर फांद्यांवर टाकतात. नुसते बांडगूळ खुडून उपयोग नाही, ते पुन्हा फुटते. ते जेथे चिकटले आहे त्याच्या वीतभर खाली फांदी कापावी, आणि हे काम त्याची फळे पिकण्यापूर्वी करावे.

बुंध्याशी किंवा वर आलेल्या मुळांवर टणक, कंगोरेदार अळंबी दिसल्यास ती गंभीर खूण समजावी. अळंबी हे आतील कुजीचे बाहेर आलेले फळ आहे. ती खरवडून टाकल्याने कूज जात नाही, केवळ खूण नाहीशी होते.

माडाची गोष्ट वेगळी

वर सांगितलेला वाढीचा थर माडास व पोफळीस नसतो. त्यामुळे माडाच्या खोडावरील जखम कधीही झाकली जात नाही. चढण्यासाठी पायऱ्यांप्रमाणे पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात, आणि सोंड्या भुंगा अशा जखमांत अंडी घालतो. माडावर खाचा पाडू नयेत, खिळे ठोकू नयेत व हिरव्या झावळ्या ओरबाडू नयेत. माडाचा वाढणारा कोंब शेंड्यावर एकच असतो. तो गेला की माड गेला.

पाणी व खत

जुन्या झाडास खताची हाव नसते. पावसाच्या आरंभी पूर्ण वाढलेल्या आंब्यास ५० किलो कुजलेले शेणखत पुरते. ते बुंध्याशी न घालता, पानांच्या सावलीच्या कडेला उथळ चाळलेल्या पट्ट्यात द्यावे, कारण शोषणारी मुळे तेथे असतात. दुबळ्या झाडास नत्रयुक्त रासायनिक खताचा मोठा हप्ता दिल्यास लुसलुशीत पालवी फुटते, पण मुळे सावरत नाहीत.

पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याने केवळ वरची माती भिजते. आंब्यास मात्र पावसाळा संपल्यापासून फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी तोडावे, नाहीतर मोहोराऐवजी पालवी येते.

झाड धोक्याचे केव्हा

३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य माड, पोफळी व आंबे पाडले. अशा संकटानंतर घराजवळच्या प्रत्येक मोठ्या झाडाकडे लोक भीतीने पाहू लागतात व धडधाकट झाडेही तोडली जातात. भीती अनाठायी नसते. परंतु निर्णय पाहणी करून घ्यावा. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, घरावर किंवा वाटेवर आलेल्या वाळक्या फांद्या. या पावसापूर्वी काढाव्यातच. दुसरी, कल. जन्मापासून कललेल्या झाडाने स्वतःला सावरलेले असते. परंतु झाड नव्याने कलले असेल आणि कलाच्या उलट बाजूची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली असेल, तर धोका जवळ आहे. तिसरी, बेचके. दोन जाड फांद्या अगदी चिकटून वर गेल्या असून मधे साल दबलेली असेल व तेथे भेग दिसत असेल, तर तेथून झाड फाटू शकते. चौथी, ढोली. लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकावा व ढोलीतून काठी घालून पोकळी मोजावी. भोवतालच्या पक्क्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी झाल्यास धोका वाढतो, असा तज्ज्ञांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे ९० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात निदान १५ सेंटिमीटर जाडीचे पक्के लाकूड सभोवार हवे. पाचवी, बुंध्याजवळील अळंबी व नुकतीच तुटलेली मुळे.

यांपैकी एखादे लक्षण दिसले म्हणून झाड तोडलेच पाहिजे असे नाही. घराकडील एखादी जड फांदी हलकी करून किंवा पक्का टेकू देऊन अनेक झाडे वाचवता येतात. मात्र दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली आणि खाली माणसांचा वावर असेल, तर जाणकाराचा सल्ला विनाविलंब घ्यावा. विजेच्या तारांजवळची फांदी घरच्या माणसांनी कापू नये. वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद करून घ्यावा.

तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक आहे, हेही ध्यानात ठेवावे. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाखाली आंबा, फणस, चिंच, जांभूळ इत्यादी झाडे येतात. नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. २०२१ मधील दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे.

झाडाचा वारस

सर्व काळजी घेऊनही प्रत्येक झाडाचा एक दिवस शेवट होतोच. रायवळ आंब्याच्या बाबतीत हा शेवट साधा नसतो. रायवळ झाड कोयीपासून वाढलेले असते, आणि कोयीपासून आलेले झाड आईसारखेच फळ देईल याचा भरवसा नसतो. प्रत्येक रायवळ ही वस्तुतः एक स्वतंत्र जात असते. लोणच्याचा आंबा, रसाचा आंबा, शेंदरी आंबा अशा नावांनी घरातील माणसे ज्यास ओळखतात, तशा चवीचे झाड जगात दुसरे नसते. ते पडले की ती चवही त्याबरोबर जाते.

यास उपाय कलम हाच आहे. तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगू लागलेली काडी निवडावी. कलमापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापावीत. आणि जून ते ऑगस्टच्या दमट हवेत नुकत्याच रुजलेल्या कोयीवर कोयकलम बांधावे. जवळच्या रोपवाटिकेतील माळी हे काम सहज करून देतो. अगदी जराजर्जर झाडावर चांगली काडी मिळत नाही, म्हणून झाड सशक्त असतानाच हे काम उरकावे. दोन-चार कलमे करून एक आपल्या आवारात व बाकीची नातलगांच्या किंवा शेजाऱ्यांच्या आवारात लावणे इष्ट होय.

जुन्या झाडाच्या मालकास सांगावयाचे ते थोडक्यात असे: बुंधा मोकळा ठेवावा, मुळांवर भर घालू नये, वाळलेले तेवढे कापावे, दर उन्हाळ्यात एकदा झाडाभोवती सावकाश फेरी मारून ते नीट पाहावे, आणि त्याचे एक कलम वेळीच लावून ठेवावे. एवढे केले तर आजोबांच्या आंब्याची चव नातवाच्या नातवापर्यंत पोहोचेल.